शाखायुक्त कथानक आणि पात्राचा मृत्यू : कथनप्रधान व्हिडिओ गेमची लीळाचरित्राच्या संदर्भात समीक्षा

प्रस्तावना

मराठीत व्हिडिओ गेमची चर्चा होते ती बहुधा मुलांचे व्यसन, डोळ्यांवरील ताण किंवा पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ या अंगांनी. कथा सांगणारा एक प्रकार म्हणून या माध्यमाकडे आपल्या साहित्यसमीक्षेने क्वचितच पाहिले आहे. वस्तुतः गेल्या दोन दशकांत असे अनेक गेम निर्माण झाले, की ज्यांत धावणे, उडी मारणे वा शत्रूला टिपणे हे दुय्यम असून पात्रे, संवाद व निर्णय यांनाच महत्त्व आहे. अशा गेममध्ये खेळाडू एखाद्या पात्राच्या वतीने निर्णय घेतो, त्या निर्णयानुसार कथानकाला फाटे फुटतात आणि काही फाट्यांवर एखादे पात्र मरण पावते. हीच शाखायुक्त कथानकाची रचना होय.

या रचनेतील पात्रांचे मृत्यू पुष्कळदा पोकळ का वाटतात आणि ते अर्थपूर्ण होण्यासाठी कथनात कोणता बदल व्हावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी मराठीतील आद्य गद्यचरित्र मानल्या गेलेल्या लीळाचरित्राचा आधार घेतला आहे. लीळाचरित्र हा महानुभाव पंथीयांचा श्रद्धाग्रंथ आहे. त्याची आणि करमणुकीच्या साधनाची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु मध्यवर्ती व्यक्ती दिसेनाशी झाल्यावर मागे राहिलेल्यांनी कथन कसे करावे आणि एकाच प्रसंगाच्या अनेक आठवणी एका ग्रंथात कशा नांदवाव्यात, या दोन प्रश्नांचा विचार मराठीत सातशे वर्षांपूर्वी झालेला आहे. शाखायुक्त गेमपुढील प्रश्न नेमके हेच आहेत.

१. शाखांचे गणित आणि मृत्यूची काटकसर

शाखायुक्त कथानकाची पहिली अडचण गणिताची आहे. कथेत दोन-दोन पर्यायांचे दहा निर्णय ठेवले आणि प्रत्येक शाखा अखेरपर्यंत स्वतंत्र राखली, तर १,०२४ कथा लिहाव्या लागतात. वीस निर्णय ठेवले तर हा आकडा दहा लाखांच्या पुढे जातो. इतके लेखन कोणत्याही संस्थेला शक्य नाही. म्हणून बहुतेक गेममध्ये शाखा थोडा काळ वेगळ्या चालतात आणि पुन्हा मुख्य प्रवाहाला येऊन मिळतात. या मीलनात गैर काही नाही, कारण गोदावरीच्या पात्रात बेट आले म्हणजे प्रवाह दुभंगतो व पुढे एक होतो, तसेच हे आहे. प्रश्न एवढाच, की एक झालेल्या प्रवाहाला मागच्या बेटाची काही खूण उरते काय?

पात्राच्या मृत्यूबाबत ही खूण बहुधा उरत नाही. टेलटेल गेम्सच्या 'द वॉकिंग डेड' (२०१२) या गाजलेल्या गेमच्या पहिल्या भागात कार्ली आणि डग या दोघांपैकी एकालाच वाचविण्याचा निर्णय काही क्षणांत घ्यावा लागतो. निर्णय कठीण आहे आणि खेळाडूच्या मनावर त्याचा ताण येतो. परंतु जो वाचतो तोही तिसऱ्या भागात लिलीच्या गोळीने मारला जातो. दोन्ही शाखा एका जागी आणण्यासाठी लेखकांनी उरलेले पात्रही काढून टाकले, हे सावध खेळाडूच्या ध्यानात येते. एक पात्र मेले म्हणजे त्याचे संवाद लिहावे लागत नाहीत, त्याची हालचाल रेखाटावी लागत नाही, आवाज मुद्रित करावा लागत नाही. अशा वेळी मृत्यू ही शोकाची घटना न राहता लेखनाची काटकसर ठरते.

'अनटिल डॉन' (२०१५) मध्ये आठ तरुण पात्रे असून त्यांपैकी प्रत्येक जण जगू वा मरू शकतो. केवळ या जगण्या-मरण्याच्या जुळणीच २५६ होतात. गेम आपोआप नोंद ठेवत असल्याने झालेला मृत्यू मागे जाऊन पुसता येत नाही, हे त्याचे बलस्थान होय. पण प्रत्येक पात्र कोणत्याही क्षणी वगळता येईल अशा बेताने लिहिल्यामुळे उत्तरार्धात पात्रांचा एकमेकांशी संबंध विरळ होत जातो. जो मेलेला असू शकतो त्याच्यावर पुढचा कोणताही महत्त्वाचा प्रसंग उभा करता येत नाही, आणि परिणामी तो जिवंत असला तरी निरुपयोगी ठरतो. मृत्यूची शक्यता जीवनालाच पातळ करते, हा शाखायुक्त रचनेचा मूलभूत दोष म्हणावा लागेल.

२. प्रस्थानानंतरचे कथन

लीळाचरित्राची घडण याच्या नेमकी उलट आहे. श्रीचक्रधरस्वामींचे प्रस्थान पंथ मृत्यू मानीत नाही, ते 'उत्तरापंथे गमन' होय. त्यांच्या विरहानंतर अनुयायी ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात राहिले आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करण्याचे काम हाती घेतले. ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या वा ऐकल्या होत्या त्यांना गाठून, विचारून आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून एकांक, पूर्वार्ध व उत्तरार्ध असा ग्रंथ सिद्ध झाला. गोविंदप्रभूंच्या निर्वाणानंतर त्यांचेही चरित्र म्हाइंभटांनीच लिहिले.

यातून एक साधी गोष्ट स्पष्ट होते. मध्यवर्ती व्यक्ती दिसेनाशी झाल्यावर तिच्याविषयीचे बोलणे कमी झाले नाही, तर वाढले. स्वामी समोर असताना त्यांच्या बारीकसारीक कृती लिहून ठेवण्याची गरज कोणाला भासली नव्हती. ते नाहीत म्हटल्यावर ते कोठे बसले, काय जेवले, कोणाशी कोणत्या शब्दांत बोलले, यातील प्रत्येक तपशिलाला मोल आले. माणूस गेलेल्या कोणत्याही घरात हाच अनुभव येतो. तेराव्या दिवसापर्यंत त्या घरात जेवढे बोलणे गेलेल्या माणसाविषयी होते तेवढे त्याच्या हयातीत कधी झालेले नसते.

आधुनिक मराठी लेखकांनीही ही जाण राखलेली आहे. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय' (१९६७) मध्ये कर्ण स्वतः आपली कथा सांगतो. पण त्याच्या मृत्यूने कथन थांबत नाही, अखेरचा भाग श्रीकृष्णाच्या तोंडी येतो. सतीश आळेकरांच्या 'महानिर्वाण' (१९७४) मध्ये तर मेलेले भाऊरावच कीर्तनाच्या थाटात बोलत राहतात आणि जुन्या स्मशानातच दहन व्हावे या हट्टापायी जिवंतांना अडवून धरतात. दोन्ही कृतींत मृत पात्राचा कथेतील वाटा संपत नाही. त्याचे स्वरूप तेवढे बदलते.

या निकषावर तपासता गेममधील काही प्रयोग निश्चितच सरस ठरतात. 'मास इफेक्ट' (२००७) मध्ये रेक्स नावाचा सहकारी एका वादात प्राणास मुकू शकतो. तसे घडल्यास 'मास इफेक्ट ३' (२०१२) मध्ये त्याच्या जमातीचे नेतृत्व त्याचा भाऊ रीव्ह याच्याकडे आलेले दिसते. वरवर पाहता ही रिकाम्या जागेची भरती आहे. परंतु रेक्स विचारी आहे आणि रीव्ह सूडाने पेटलेला आहे. जमातीला जडलेल्या वंध्यत्वाच्या व्याधीवर उपाय करावा की नाही, हा प्रश्न दोन्ही शाखांत तोच राहतो, पण समोर रेक्स असताना जे उत्तर न्याय्य वाटते तेच रीव्हसमोर धोकादायक वाटू लागते. प्रसंग एकच ठेवून एका माणसाच्या अभावाने त्याचा अर्थ बदलणे, ही शाखांच्या गणितावरील खरी मात होय. येथे लेखनाचा भार फारसा वाढलेला नाही, तरी मृत्यू वायाही गेलेला नाही.

३. 'वासना' आणि शाखा

लीळाचरित्राची दुसरी विशेषता पाठभेदांविषयीची आहे. यादवसत्तेच्या अस्तकाळातील धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि शिष्यपरंपरेने ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे पंथाची परंपरा सांगते. हिराइसा, परशरामबास इत्यादींच्या नावांनी वेगवेगळे पाठ ओळखले जातात. एखाद्या लीळेची आठवण दोघांची दोन प्रकारे असेल तर तो भेद 'वासना' म्हणून नोंदविला जातो. हा शब्द येथे रूढ अर्थाने आलेला नसून मनात उरलेला ठसा, स्मरणातील भेद, असा त्याचा आशय आहे. एक आठवण खरी ठरवून दुसरी खोडून टाकण्यापेक्षा दोन्ही सांगणाऱ्यांसह जतन करावयाच्या, अशी ही शिस्त आहे.

गेममधील शाखा आणि वासना यांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. शाखा ही घटनेची असते, म्हणजे असे घडले किंवा तसे घडले. वासना ही सांगण्याची असते, म्हणजे एकच घडले, पण एकाने असे सांगितले व दुसऱ्याने तसे. गेमच्या लेखकांनी आपले सर्व बळ घटनेच्या शाखांवर खर्च केले आणि सांगण्याच्या शाखांकडे दुर्लक्ष केले, असे दिसते. वास्तविक दुसरा प्रकार स्वस्त आणि अधिक खोल आहे. पात्र मरणारच असेल तर ते मरू द्यावे. परंतु ते कसे मेले, का मेले आणि त्यात कोणाचा किती दोष, हे उरलेल्या चौघांनी चार प्रकारे सांगावे आणि खेळाडूने आधी जे पाहिले वा पाहिले नाही त्यानुसार त्यातील एखादे सांगणे त्याच्यापर्यंत पोहोचावे. घटना एक राहील आणि कथा मात्र चार होतील.

'अंडरटेल' (२०१५) या लहानशा गेमने या दिशेने एक पाऊल टाकले आहे. खेळाडूने टोरिएल या मायाळू पात्राला मारले, पश्चात्ताप होऊन खेळ मागे नेला आणि या खेपेस तिला जिवंत सोडले, तर फ्लॉवी नावाचे पात्र त्या पुसलेल्या घटनेची आठवण त्याला करून देते. पुसलेली शाखाही कोणाच्या तरी स्मरणात उरते, ही कल्पना वासनेच्या जवळ जाणारी आहे.

४. स्थळाची स्मृती

आठवण केवळ माणसेच जपतात असे नाही. महानुभाव वाङ्मयात मुनिबासांची 'स्थानपोथी' हा ग्रंथ प्रसिद्ध आहे. स्वामींच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या ठिकाणांची त्यात नोंद आहे. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी असलेले पांचाळेश्वर हे पंथाचे आत्मतीर्थ आजही गजबजलेले असते. महानुभाव तीर्थांच्या ठिकाणी जे ओटे आढळतात ते मूर्तीचे स्थान नसून घटनेचे स्थान दर्शवितात. ओट्याला नमस्कार करणारा यात्रिक 'येथे अमुक घडले' या वाक्याला नमस्कार करीत असतो.

व्हिडिओ गेम हे मुळात जागेचे माध्यम आहे. कादंबरीचा वाचक वाड्यात शिरत नाही, गेमचा खेळाडू मात्र त्यात हिंडतो. असे असूनही पात्र ज्या खोलीत मेले ती खोली पुढच्या प्रकरणात पूर्ववत दिसते, ही मोठीच विसंगती होय. 'डेट्रॉइट : बिकम ह्युमन' (२०१८) मध्ये कॉनर हे यंत्रमानवी पात्र मेले तरी त्याच्या जागी तशाच घडणीचे दुसरे यंत्र पाठविले जाते. म्हणजे येथे मृत्यू तांत्रिकदृष्ट्या निष्फळ आहे. तथापि लेखकांनी दोन गोष्टी केल्या आहेत. ज्या उद्यानात कॉनरला आपल्या वरिष्ठांना भेटावे लागते तेथे त्याच्या प्रत्येक मृत्यूगणिक एक थडगे उभे राहते. आणि त्याचा माणूस असलेला सहकारी हँक या परत येण्याने अस्वस्थ होतो. एक थडगे आणि एका मित्राची अस्वस्थता एवढ्यावर फुकटच्या मृत्यूला किंमत प्राप्त झाली आहे.

मात्र याच गेममध्ये प्रत्येक प्रकरणानंतर सर्व शाखांचा नकाशा दाखविला जातो आणि जगभरातील किती टक्के खेळाडूंनी कोणता मार्ग घेतला तेही सांगितले जाते. नकाशा दिसताच पात्राचा मृत्यू हा अनेक चौकटींपैकी एक चौकट होऊन बसतो व शोकाची जागा कुतूहल घेते. ज्या लेखकांना थडग्याचे मोल कळले त्यांनीच हा नकाशा द्यावा, हे आश्चर्याचे वाटते.

५. निवड आणि दोष

या चर्चेचा सर्वांत नाजूक भाग पुढेच आहे. शाखायुक्त कथानकाचा मूळ सिद्धान्त असा, की परिणाम निवडीतून येतो. या सिद्धान्ताला मृत्यू जोडला म्हणजे त्याचा अर्थ होतो : पात्र मेले, कारण खेळाडूने चुकीचा पर्याय घेतला. खेळाच्या नियमाला हे शोभते, परंतु जीवनाविषयीचे विधान म्हणून ते खोटे आणि कधी कधी क्रूर आहे.

बीड जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वर्गांत कोरडवाहू शेतकऱ्यांची आणि ऊसतोडीसाठी दरवर्षी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची मुले बसलेली असतात. शेतकरी आत्महत्यांचा प्रश्न या भागाला नवा नाही. अशा घरात मागे राहिलेल्यांच्या मनात 'त्या दिवशी घरी थांबलो असतो तर', 'तेवढे बोललो नसतो तर' हे विचार वर्षानुवर्षे घोळत असतात. पाऊस, कर्ज, बाजारभाव, आजारपण, मानहानी अशा अनेक कारणांच्या गुंत्यातून आलेला मृत्यू मागे राहिलेला माणूस स्वतःच्या एका वाक्यावर आणून ठेवतो. शाखायुक्त गेम नकळत याच स्वदोषाला नियमाचे रूप देतो. या विद्यार्थ्यांच्या हाती मोबाइल आहे आणि असे गेम त्यांच्यापर्यंत पोहोचतात. म्हणून हा प्रश्न केवळ सौंदर्यशास्त्राचा राहत नाही.

'लाइफ इज स्ट्रेंज' (२०१५) या गेमच्या दुसऱ्या भागात हा पेच थेट आला आहे. नायिका मॅक्स हिला काळ मागे नेण्याची शक्ती आहे आणि तोवर प्रत्येक चूक ती पुसू शकत असते. परंतु छळाला कंटाळून जीव द्यायला निघालेली मैत्रीण केट समोर असताना ही शक्ती निकामी होते. आता उपयोगी पडते ती एकच गोष्ट : केटचे म्हणणे खेळाडूने आधी किती लक्षपूर्वक ऐकले होते, तिच्या खोलीतील वस्तू किती आस्थेने पाहिल्या होत्या. ऐकणे हीच येथे कृती ठरते. व्हिडिओ गेमच्या इतिहासातील हा एक श्रेष्ठ प्रसंग म्हणता येईल. तरीही त्यावर आक्षेप आहेच. केट वाचली नाही तर दोष खेळाडूच्या स्मरणशक्तीकडे जातो, आणि योग्य उत्तरे दिली की माणूस वाचतोच, असा भ्रम निर्माण होतो. ऐकून घेण्याचे महत्त्व सांगताना, ऐकूनही कधी कधी माणूस हाती लागत नाही आणि तेव्हा तो ऐकणाऱ्याचा अपराध नसतो, हेही सांगणे आवश्यक होते.

या दृष्टीने 'द वॉकिंग डेड'चा शेवट अधिक प्रगल्भ आहे. नायक ली एव्हरेट हा इतिहासाचा प्राध्यापक आहे. चौथ्या भागाच्या अखेरीस त्याला चावा बसतो आणि तेथून पुढे कोणताही पर्याय त्याला वाचवीत नाही. निवड उरते ती इतकीच, की सोबतच्या क्लेमेंटाइन या लहान मुलीला अखेरच्या क्षणी काय सांगावे आणि तिच्यावर काय सोपवावे. मृत्यू निवडीच्या बाहेर ठेवला आणि निरोप निवडीच्या आत ठेवला. पहिल्या भागात ज्या लेखकांनी मृत्यूची काटकसर केली त्यांनीच अखेरीस त्याला न्याय दिला आहे.

६. पुणे आणि गोवा येथील दोन गेम

आपल्या परिसरात या माध्यमात काम होऊ लागले आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : अॅन एन्शंट एपिक' (२०२०) जगभर नावाजला गेला व त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम पदार्पणाच्या नामांकनापर्यंत पोहोचला. राजी ही मुलगी असुरांनी पळविलेला भाऊ गोलू याच्या शोधात निघते. तिची कथा दुर्गा आणि विष्णू या दोन निवेदकांच्या संवादातून उलगडते. कथानक सरळ एकमार्गी आहे. लढताना राजी पडली तर खेळ थोडा मागून पुन्हा सुरू होतो आणि त्या पडण्याची निवेदनात नोंद उरत नाही. एकाच मुलीच्या प्रवासाकडे दोन देवता दोन दृष्टींनी पाहत असताना वासनेची शक्यता किती जवळ आली होती! दुर्गेच्या सांगण्यात राजी एके ठिकाणी पडते आणि विष्णूच्या सांगण्यात ती निभावते, एवढ्या भेदाने खेळाडूचे प्रत्येक अपयश कथेचाच भाग झाले असते. चित्रांनी व वास्तुरचनेने समृद्ध असलेल्या या गेममध्ये ही संधी राहून गेली.

गोव्याच्या फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हचा 'रेनस्वेप्ट' (२०१९) आकाराने लहान असला तरी या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कथा अमेरिकी गावात घडते. ख्रिस आणि डायान हे जोडपे कथेच्या आरंभीच मृत आहे. एकाने दुसऱ्याला मारून स्वतःला संपविले, असा गावाचा निवाडा झालेला आहे. तपासासाठी आलेला मायकेल स्टोन प्रत्येकाकडून त्या दोघांविषयी ऐकतो आणि अधूनमधून त्यांच्या भूतकाळात खेळाडूलाही नेले जाते. मृतांना वाचविण्याची सोय येथे नाहीच. त्यांच्याविषयी योग्य ते ऐकणे एवढेच हाती आहे. गेमची संवादरचना क्वचित भाबडी वाटते आणि निवडींचा परिणामही मर्यादित आहे. पण मेलेल्या माणसाला गावाच्या निवाड्यापासून सोडविणे हे खेळाचे उद्दिष्ट होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले. साक्षीदारांना गाठून आठवणी पडताळणाऱ्या म्हाइंभटांच्या पद्धतीशी या गेमचे नाते आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. शाखायुक्त कथानकात पात्राचा मृत्यू पोकळ ठरतो तो शाखा कमी असल्याने नव्हे, तर मृत्यूनंतर त्या पात्राविषयीचे बोलणे थांबत असल्याने. एखादे पात्र मारावयाचे ठरल्यास उरलेल्या पात्रांचे त्याच्याविषयीचे संवाद आधी लिहावेत.

२. घटनेच्या शाखांपेक्षा सांगण्याच्या शाखा कमी खर्चाच्या आणि अधिक अर्थगर्भ असतात. लीळाचरित्रातील वासना हा त्याचा मराठी आदर्श होय.

३. मृत पात्राची रिकामी जागा भरावयाची असल्यास वेगळ्या स्वभावाच्या पात्राने भरावी, म्हणजे तोच प्रसंग नवा अर्थ धारण करील.

४. मृत्यूचे स्थळ पूर्ववत ठेवू नये. ओट्यासारखी एखादी खूण पुरेशी आहे.

५. प्रत्येक मृत्यू निवडीचे फळ म्हणून दाखविणे टाळावे. काय टाळता येत होते आणि काय नव्हते, यातील भेद कथेनेच स्पष्ट करावा.

मराठीच्या प्राध्यापकांनी या माध्यमाकडे पाठ फिरवली, तर त्याची समीक्षा केवळ तंत्रज्ञ आणि विक्रेते करतील. लीळाचरित्र शिकविताना पाठभेदांची चर्चा वर्गात होतेच. तिला जोडून विद्यार्थ्याला त्याने खेळलेल्या एखाद्या गेममधील मेलेल्या पात्राविषयी विचारले, आणि उरलेल्या पात्रांच्या तोंडून त्या पात्राच्या चार आठवणी लिहून आणावयास सांगितले, तर पाठपरंपरा म्हणजे काय हे त्याला कळेल. आपल्या घरातील गेलेल्या माणसाविषयी चौघे चार तऱ्हांनी का बोलतात आणि त्यांपैकी एकानेही सर्व दोष स्वतःकडे घेण्याचे कारण का नाही, हेही कदाचित त्यातून त्याच्या ध्यानी येईल.